मदत हवी आहे : थेट ऑनलाइन जाणाऱ्या सिनेमाचा एम अँड ई ट्रॅक (संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर आवाज) कसा करावा?

मिरजेच्या तंबोरा कारागिरांवरचा ९५ मिनिटांचा कथापट थिएटरऐवजी थेट ऑनलाइन न्यायचा आहे. सांगलीत चार खेळ लावायचे म्हटले तरी डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत), सेन्सॉर, पोस्टर हा खर्च चुकत नाही. ओटीटीला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, वयोगटाचं वर्गीकरण पुरतं.

मास्टर (अंतिम मूळ फाइल) प्रोरेस ४२२ एचक्यू, १०८०पी, २५ फ्रेम, साधारण १३० जीबी. मराठी-इंग्रजी एसआरटी (सबटायटल फाइल) आणि संगीताचे लेखी करार तयार आहेत.

अडलंय ते एम अँड ईवर, आणि त्याशिवाय हिंदी-कन्नड डबिंग होणार नाही. जवारी काढण्याच्या (झंकार यावा म्हणून घोडी घासण्याच्या) प्रसंगांत संवाद, कानस आणि तारेचा झंकार एकाच बूम माइकवर आहे. संवाद कापला की झंकार मधेच तुटतो. एआयने आवाज वेगळे केले, तर तंबोऱ्याचा स्वर माणसाचा समजून तोही जातो. रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज) जेमतेम ३० सेकंदांचा. लूप केला की जोड ऐकू येतो. त्याच कारखान्यात, त्याच पट्टीत तार लावून फोली (असे आवाज वेगळे, नव्याने रेकॉर्ड करणं) पुन्हा करावी का? माइक किती अंतरावर? सांगली-कोल्हापूर भागात हे काम जाणणारा स्टुडिओ आहे का?

दुसरं, यूट्यूबवर आधी फुकट टाकला तर पुढे ओटीटीवाले सहसा हात लावत नाहीत. म्हणून आधी भाडेतत्त्वावर, एक वर्षाचा नॉन-एक्सक्लुझिव्ह (इतरांनाही देता येईल असा) करार योग्य वाटतो. अशा करारात अ‍ॅग्रीगेटर (सिनेमा ओटीटीपर्यंत पोहोचवणारे मध्यस्थ) डबिंगचे हक्कही धरून ठेवतात का? प्रत्यक्ष सही केलेल्यांनी कृपया कलमासकट सांगा.