संशयास्पद मृत्यूत रक्तातील विषारी धातूंची तपासणी सक्तीची असावी का?

तापीकाठ, जळगाव
विषबाधेचा संशय असला की आपल्याकडे व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून रवाना होतो आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालासाठी घरचे व पोलीस दोघेही ताटकळतात. आयसीपी-एमएस यंत्र थोड्याशा रक्तात आर्सेनिक, शिसे, पारा व थॅलियम एकाच फेरीत मोजते. मग ही तपासणी सरसकट सक्तीची का करू नये?

प्रयोगशाळेतली, नाशिक
सक्तीला माझा विरोध आहे. कपाशीवर फवारायच्या सेंद्रिय फॉस्फरस औषधात यांपैकी एकही धातू नसतो आणि उंदराच्या झिंक फॉस्फाईडमध्ये जीव घेतो तो फॉस्फीन वायू. आर्सेनिक तर रक्तात फार थांबत नाही. त्यातील बरेचसे काही दिवसांत लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे रुग्ण दोन आठवडे झुंजून गेला असेल तर रक्त निर्दोष दिसेल, पण केस आणि नखे बोलतील. शिवाय हे यंत्र मूलद्रव्य ओळखते ते वस्तुमानावरून, आणि यंत्रातील आरगॉन वायू व नमुन्यातील क्लोरीन जुळून होणाऱ्या आयनाचे (विद्युतभारित कणाचे) वस्तुमान ७५ भरते, आर्सेनिकचेही ७५ च. ही गफलत टाळली नाही, तर मिठातल्या व्हिसेऱ्यात नसलेले आर्सेनिक सापडायचे.

सातपुडा, चोपडा
ताई, मुद्दे मान्य, निष्कर्ष अमान्य. थॅलियमने केस गळतात ते दोन-तीन आठवड्यांनी, तोवर पाय दुखण्याला मज्जातंतूचा विकार समजून उपचार चालतात. संशयच न आल्यामुळे कोणी तपासणी मागत नाही. सक्ती हवी ती याचसाठी. आणि दाखल करताना काढलेले पहिले रक्त जपून ठेवले, तर तुमचा आर्सेनिकचा आक्षेपही बराचसा उरत नाही.

काळा कोट, धुळे
आकडा मिळाला म्हणून खून सिद्ध होत नाही. शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेतू, त्याच विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी, अशा चार गोष्टी मागितल्या. वैदूच्या भस्मानेही रक्तातील शिसे व पारा वाढतो, हे बचाव पक्ष सांगणारच. नमुना धातूमुक्त नळीत घेतला होता का, हा त्याचा पुढचा प्रश्न.

प्रयोगशाळेतली, नाशिक
पहिले रक्त जपण्यास माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. मात्र ते पेशींसकट अखंड रक्त असावे, कारण शिसे बहुतांशी तांबड्या पेशींत असते आणि नुसत्या सीरमवरून (पेशी वगळून उरलेल्या द्रवावरून) ते कळत नाही. मागणीपत्रात नमुन्याची वेळ लिहा, धातू उतरवणारे औषध आधी दिले होते का तेही लिहा. या दोन ओळी कोऱ्या असलेल्या पत्रावर मी आकडा देईन, अर्थ लावणार नाही.