मदत हवी आहे: दहावीनंतरच्या मुलांसाठी माजी विद्यार्थ्यांनी मार्गदर्शक म्हणून उभं राहायचं, तर सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आमची शाळा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून आत एका गावात आहे. वर्ग दहावीपर्यंतच. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना ठाऊक असेल, इथल्या घरटी कोणी ना कोणी गलाईच्या धंद्यात असतो. सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून माणसं दक्षिणेपासून थेट उत्तरेपर्यंत पांगलेली. बाकीचे पुण्या-मुंबईत नोकरीला, काही गावातच शेती आणि दूधधंदा सांभाळून. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. या सगळ्यांचा मिळून शाळेचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

ग्रुपने शाळेला हात आखडता घेतलेला नाही. गेट झालं, पाण्याची टाकी झाली, प्रोजेक्टर आला. दर जूनमध्ये गुणवंतांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, फोटो. पण त्या फोटोतली मुलं पुढे कुठे गेली, हे शाळेलाही सांगता येत नाही आणि आम्हालाही. मला तेच बदलायचं आहे.

दोन मुलांचं सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. एका मुलीला नर्स व्हायचं होतं. आठवीपासून ठाम. पण जवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स, सायन्सला रोज एसटीने जावं लागणार, म्हणून घरच्यांनी आर्ट्सला घातलं. बारावीला आल्यावर तिला कळलं की बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. ती रडून मोकळी झाली आणि घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली. जीएनएम हा नर्सिंगचाच तीन वर्षांचा डिप्लोमा कोर्स आर्ट्सच्या मुलींनाही करता येतो, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. आमच्याच शाळेतून गेलेल्या दोघी-तिघी मोठ्या दवाखान्यांत सिस्टर आहेत. त्यांचा नंबर ग्रुपवर आहे, त्या मुलीकडे नव्हता.

दुसरा मुलगा, 71 टक्के. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. याने नेट कॅफेत फॉर्म भरला आणि दहा पसंती मित्राच्या बघून टाकल्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. याला लागलं ते कॉलेज इतकं लांब की घरून निघायला पहाटेची गाडी. दिवाळीपर्यंत कसाबसा गेला. आता तो मामाच्या गलाईच्या दुकानात आहे. धंद्याला मी कमी लेखत नाही, आमची घरं त्याच धंद्याने उभी राहिली. पण त्याला वायरिंग-मोटारीची भारी आवड होती. आयटीआयला इलेक्ट्रिशियन करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हा रस्ता त्याच्यापुढे कोणी मांडलाच नाही. मी स्वतः त्याच रस्त्याने आलोय, म्हणून जास्त लागलं.

तर डोक्यात असं आहे, की प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दोन-तीन मुलांची जबाबदारी घ्यायची. दहावीच्या वर्षापासून बारावी किंवा आयटीआय-डिप्लोमा मार्गी लागेपर्यंत. पैसे द्यायचे नाहीत, फक्त सोबत राहायचं. फॉर्म भरताना, दाखले काढताना, आणि विशेषतः अकरावीच्या पहिल्या सहामाहीत, कारण आमची बहुतेक गळती तिथेच होते. मराठी माध्यमातून गेलेलं पोर एकदम इंग्रजीतल्या फिजिक्ससमोर बसतं आणि लाजेने कोणाला विचारत नाही.

अडतंय कुठे, ते सांगतो. मुलांकडे स्वतःचा फोन नसतो, बापाचा असतो आणि बाप दिवसभर रानात. मुलींशी पुरुष मार्गदर्शकांनी बोलावं का, बोलावं तर कसं, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. जे स्वतः दहावीनंतर धंद्यात गेले त्यांना वाटतं आपण काय शिकवणार, आणि जे इंजिनिअर झाले ते प्रत्येकाला इंजिनिअरच करायला निघतात. शिवाय आपल्या वेळचे नियम आता राहिलेले नाहीत. चुकीचा सल्ला गेला तर मुलाचं वर्ष जाईल, ही भीती मला सगळ्यात जास्त आहे.

कोणी आपल्या शाळेत असं काही चालवलंय का? पहिलं वर्ष कसं काढलंत, ते सविस्तर सांगा.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा):

दादा, विषय मनापासून मांडलात. माझी नोकरी खेड्यातल्या शाळांतच झाली, म्हणून सांगते.

दहावीची वाट बघू नका, नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. तेव्हा माजी विद्यार्थी गावात असतात आणि मुलांच्या मानेवर बोर्डाचं ओझं नसतं. पहिल्या भेटीत करिअरवर भाषण नको. नर्स, वायरमन, बँकेतला क्लार्क, गलाईवाला, कंडक्टर, सगळ्यांना बोलवा आणि प्रत्येकाने आपला दिवस कसा जातो, पगार किती, सुरुवातीला काय त्रास झाला, एवढंच सांगावं. तुमचे धंद्यातले लोक इथे फार कामाचे. परक्या मुलखात भाषा येत नसताना दुकान उभं करणं, हिशेब ठेवणं, उधारी वसूल करणं, हे मुलांना दुसरं कोण सांगणार?

मुलींसाठी गावच्या माहेरवाशिणी शोधा. पंचक्रोशीत दिलेल्या, शिकलेल्या मुली असतातच. फोन आईच्या नंबरवर करायचा, बोलणं आई समोर असताना. मुलगा असो की मुलगी, एकट्याशी खासगी चॅट नको. दोन मार्गदर्शक, चार-पाच मुलं आणि एक शिक्षक असा छोटा ग्रुप करा. पालकांची लेखी संमती शाळेच्या दप्तरात ठेवा. यावर वाद घालत बसू नका, नियम म्हणूनच सांगा.

आणि दाखले! उत्पन्नाचा, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते, एप्रिलमध्ये काढून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का आणि बँक खात्याला आधार जोडलंय का, हेही तेव्हाच बघा. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच जमा होते. बापाने सिम बदललेलं असतं आणि ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतो, असं मी किती वेळा पाहिलंय. अकरावी सायन्सला जाणारं पोर राखीव प्रवर्गातलं असेल तर जातपडताळणीचा अर्जही कॉलेजमार्फत वेळेत गेला पाहिजे.

प्रतिसाद (पुण्यातून):

मी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो. 1955 पासून खेड्यातल्या मुलांसाठी चालू असलेली संस्था. जेवण-खोली तर मिळालीच, पण माझ्या उपयोगाला जास्त आलं ते वरच्या वर्गातल्या मुलांचं टेबलावरचं बोलणं. त्यामुळे तुमचा मार्गदर्शक फार मोठा साहेब नसला तरी चालेल. दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेलं पोर जास्त उपयोगाचं, त्याला फॉर्मच्या फेऱ्या ताज्या आठवतात. चुकीच्या सल्ल्याचं म्हणाल तर एक करा: नियम, तारखा, फी याबद्दल कोणीही तोंडी सांगायचं नाही. अधिकृत संकेतस्थळावरची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलासोबत उघडून वाचायची.

धागाकर्ता:

बाई, दादा, मनापासून आभार. आजच ग्रुपवर टाकतो. यंदा सगळा वर्ग घेण्याऐवजी नववीतली बारा मुलं घेऊ, सहा मुली, सहा मुलगे. त्या सिस्टर ताईंशी आजच बोलणं झालं, त्या दिवाळीला येणार आहेत. मुख्याध्यापकांना पुढच्या शनिवारी भेटतोय. पालकांच्या संमतीपत्राचा मराठीतला नमुना कोणाकडे असेल तर कृपया इथे टाका, सोप्या भाषेतला हवा, वाचून दाखवला की आजीलाही कळेल असा.