वावटळ, ढगाची सोंड आणि टोर्नेडो, नेमकं कशाला काय म्हणायचं?

लेक आठवीत आहे. काल मोबाईलवर व्हिडिओ बघताना विचारायली, मम्मी ह्याला मराठीत काय म्हणतात? काळ्या ढगातून नरसाळ्यासारखं कायतरी लोंबत होतं, जमिनीपासून बरंच वर. मी म्हणलं वावटळ, आमचे हे म्हणाले चक्रीवादळ, व्हिडिओवर लिहिलेलं टोर्नेडो. बरोबर कोण ओ?

ताई, तिघंही नाही. वावटळ आपण सोलापूरकर दर उन्हाळ्यात बघतो, मंगळवेढ्याकडं ज्वारी काढलेली रानं दुपारी तापली की धूळ, पाचोळा, कॅरीबॅगा गरगरत वर जातात आणि आभाळ मात्र कोरडं ठणठणीत, म्हणजे ती जमिनीवरनं उठते, तिला ढग लागत नाही. चक्रीवादळ समुद्रावरचं, शेकडो किलोमीटर पसरलेलं. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो आणि फिरता वारा जमिनीला टेकला तरच तो टोर्नेडो. टेकला नाही तोवर फनेल क्लाउड, तुमच्या लेकीनं बघितला तो हाच असणार.

म्हणजे सोंड जमिनीला लागली की टोर्नेडो, एवढंच ना?

नाही, इथंच घोटाळा होतो. सोंड म्हणून दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. भोवऱ्यात हवेचा दाब उतरतो, हवा गार होते, बाष्पाचे थेंब होतात म्हणून ती दिसते, वारा काय डोळ्याला दिसत नाही. त्यामुळं कधी सोंड अर्ध्यावरच संपलेली दिसते पण खाली धूळ, पत्रे गोल फिरत असतात, तर तो टोर्नेडोच. सोंडेचं टोक बघू नका, त्याच्या खालची जमीन बघा.

शब्दाचं म्हणाल तर पुस्तकी ‘घूर्णवाती वादळ’ कुणाच्या तोंडी बसणार नाही, टोर्नेडोच राहू द्या. फनेल क्लाउडला मात्र मी ढगाची सोंडच म्हणेन. रॉकेलच्या कॅनला लावायचं नरसाळं आकाराला जुळतं खरं, पण ते ताठ असतं, ही वळते, लांबते, परत आखडून ढगात जाते. आणि बातम्यांत टोर्नेडोला चक्रीवादळ लिहितात ते मला अजिबात पटत नाही. चक्रीवादळाची सूचना कितीतरी दिवस आधी मिळते, टोर्नेडोची मिळाली तर काही मिनिटं. आपल्या देशातही होतो हा प्रकार, १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत झालेला, माणसं गेली त्यात.

लेकीला वाचून दाखवलं. तिनं व्हिडिओ परत लावला, सोंडेखाली धूळ नाही, झाडं गप उभी. वहीत लिहून घेतलंय तिनं, ढगाची सोंड.