मदत हवी आहे: जमिनीच्या दाव्यांची ऑन्टोलॉजी, रीझनर दोन भावांना एकच माणूस ठरवतोय

धागाकर्ता:
रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाटपाच्या आणि कूळहक्काच्या दाव्यांसाठी प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये ऑन्टोलॉजी (माणसं, जमिनी, दावे आणि त्यांची नाती यांचा संगणकाला कळणारा आराखडा) बांधतोय. दावा कुठे अडलाय आणि कोणाचे वारस लावायचे राहिलेत, हे एका प्रश्नात कळायला हवं. 'खातेदार' हा गुणधर्म फंक्शनल (एकच मूल्य घेणारा) ठेवलाय. एका हिस्सा नंबरावर (सर्व्हे नंबराच्या पोटभागावर) दोन भाऊ भरले की रीझनर (आराखड्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चूक न दाखवता दोघांना सेम-अ‍ॅज (म्हणजे एकच व्यक्ती) करून टाकतो. दाव्याला सीएनआर (न्यायालयाने दिलेला दाव्याचा ओळख क्रमांक) नसला तरी गप्प. शिवाय कुळाचा प्रश्न दिवाणी न्यायालयातून तहसीलदारांकडे गेला की साखळी कशी जोडायची?

खाडीपट्टा:
रीझनरचं बरोबर आहे. नावं दोन म्हणून माणसं दोन, असं ओडब्ल्यूएल (ऑन्टोलॉजी लिहायची भाषा) धरत नाही. फंक्शनल म्हणजे मूल्य एकच. दोन सापडली तर ती एकच असणार, असा तो निष्कर्ष काढतो. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर नावांची रांगच असते, तेव्हा फंक्शनल काढूनच टाका.

सीएनआरचं कारण वेगळं. ओडब्ल्यूएलच्या लेखी नोंद नाही म्हणजे अजून माहीत नाही, एवढंच. रकाना भरलाय का हे तपासायचं काम शॅकलचं (नोंदी नियमात बसतात का ते पाहणारी वेगळी भाषा): दिवाणी दाव्याला किमान 1, कमाल 1 सीएनआर, लांबी 16 (राज्य, जिल्हा, न्यायालय प्रत्येकी 2, क्रमांक 6, वर्ष 4). महसुली प्रकरणांना हा नियम लावू नका, त्यांना सीएनआर नसतो.

फेरफार:
तहसीलदारांकडे दावा जात नाही, मुद्दा जातो! सगळी मेख इथे आहे. 1948च्या कूळकायद्याच्या कलम 85अ खाली न्यायालय दावा स्थगित ठेवून तेवढा मुद्दा निर्णयाला पाठवतं. म्हणून 'मुद्दा' हा स्वतंत्र वर्ग करा: दाव्याला मुद्दा, मुद्द्याला कूळ प्रकरण, प्रकरणाला आदेश, आदेशाला कलम 74चं अपील. 'स्थगित' ही स्थिती हाताने भरू नका, प्रलंबित मुद्द्यावरून काढा. वाद एकाच हिस्सा नंबरापुरता असू शकतो, म्हणून जमीन मुद्द्यालाही जोडा. जमिनीची ओळख तालुका, गाव, सर्व्हे आणि हिस्सा मिळून. नुसता सर्व्हे नंबर शेजारच्या गावातही सापडतो.

वारसांसाठी 'पक्षकार' हा माणसाचा उपवर्ग करू नका. माणूस वेगळा, भूमिका वेगळी, भूमिकेला सुरुवात आणि शेवटाची तारीख. तोच माणूस एका दाव्यात प्रतिवादी आणि दुसऱ्यात मयत वादीचा वारस असतो. मृत्यूची तारीख आणि न्यायालयाला कळवल्याची तारीख दोन्ही ठेवा, कारण वारस लावायचे 90 दिवस (मुदत कायदा, अनुच्छेद 120) मृत्यूपासून मोजतात. ते उलटले तर त्या पक्षकारापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. तो अबेटमेंट रद्द करून घ्यायला पुढे 60 दिवस (अनुच्छेद 121). ओडब्ल्यूएल तारखांची बेरीज करत नाही, ती प्रोग्रॅममध्ये करा.

धागाकर्ता:
फंक्शनल काढलं, भाऊ सुटे झाले. आभार! गावच्या सातबाऱ्यावरचं नाव आणि दाव्यातला मुंबईच्या पत्त्यावरचा चाकरमानी एकच वाटतात. तिथे सेम-अ‍ॅज लावू का?

फेरफार:
नको. नावं तशीच आजोबा-नातवात फिरतात, आणि चुकीचं सेम-अ‍ॅज लागलं तर मयत आजोबांची मृत्यूची तारीख जिवंत नातवाला चिकटेल. 'बहुधा_तोच' असा स्वतःचा गुणधर्म करा, सोबत आधार नोंदवा. वारस फेरफार प्रमाणित झालेला पाहून खात्री पटली की मगच सेम-अ‍ॅज.