वर्षाच्या मोठ्या खर्चांसाठी वेगळं खातं: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो: मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. पगार आपापल्या खात्यात येतात, त्याचा ६२,०००, माझा ३८,०००. घरखर्चासाठी दोघांच्या नावावर जॉइंट खातं आहे. किराणा, वीजबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं त्यातूनच जातं, महिन्याला साधारण ४५,०००. दूध, भाजी आणि कामाच्या मावशींचे पैसे सासूबाई त्यातले रोख घेऊन वेगवेगळ्या पाकिटांत ठेवतात. त्यांचा हिशोब पक्का असतो. मला मोठ्या खर्चांसाठी नेमकं तसंच पाकीट हवंय, पण बँकेत.

शाळेची फी ७२,००० (दोन हप्ते), एलआयसी ३६,०००, गणपती-दिवाळी २५,०००, गाडीचा विमा १४,००० आणि मिळकतकर ९,०००. एकूण १,५६,०००, म्हणजे महिन्याला १३,००० बाजूला पडायला हवेत. जानेवारीपासून तिसरं खातं सुरू करायचं ठरतंय. त्याला यूपीआय जोडायचं नाही आणि कार्डही घ्यायचं नाही, म्हणजे रिक्षा-भाजीला हात लागणार नाही. स्टेट बँकेत २०२० पासून बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही, म्हणून तिथेच उघडू. खासगी बँकेत उगाच दहा हजार अडकून पडतात.

अडचण पहिल्या वर्षाची आहे. मेअखेर खात्यात ६५,००० जमतील. पण मार्चमध्ये एलआयसीचे ३६,०००, मेमध्ये मिळकतकर (मुदतीत भरला की सवलत मिळते, ती सोडवत नाही) आणि मेअखेरच फीचा पहिला हप्ता ३६,०००. झाले ८१,०००. कमी पडणारे १६,००० सुरुवातीलाच एफडी मोडून टाकावेत, की पहिले पाच महिने हप्ताच वाढवावा? नवरा म्हणतो, खातं नको, आरडी काढू. पण आरडीचे पैसे मुदतीला एकदम हातात येतात आणि आमचे खर्च तर वर्षभर विखुरलेले. मधेच मोडली तर व्याज कापतात.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. घरखर्चाचे ४५,००० आणि हे १३,००० मिळून ५८,००० होतात. निम्मे-निम्मे केले तर माझ्याकडे ९,००० उरतात, त्याच्याकडे ३३,०००. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी ५८ टक्के, घातले तर माझ्याकडे सुमारे १६,००० आणि त्याच्याकडे २६,०००. मला दुसरी पद्धत रास्त वाटते, कारण माझी एसआयपी आणि आईच्या औषधांचे पैसे याच उरलेल्यातून जातात. नवऱ्याचीही ना नाही, पण पुढे कुणाचा पगार वाढला की दरवर्षी आकडे नव्याने मांडावे लागतील, हे त्याला किचकट वाटतं.

ज्यांच्या घरी दोघं कमावतात आणि खाती अशी वेगळी आहेत, त्यांनी वाटणी कशी ठरवली? पगार वाढला की टक्का तोच ठेवून रक्कम बदलता, की वाढलेले पैसे ज्याचे त्याच्याकडे? आणि पहिल्या वर्षीची तूट कशी भरून काढलीत?