मदत हवी आहे: सुडो लावलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गायब होतं (उबुंटू २२.०४, लेबल प्रिंटर)

मंडळी, नमस्कार. देवगडकडे हापूसची तोडणी जोरात सुरू आहे आणि संध्याकाळी वाशीची गाडी निघायच्या आत पेट्यांना लेबलं लागावी लागतात. त्यामुळे जरा घाईत विचारतोय, पण माहिती पूर्ण देतो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, कारण बागेतली माणसंही हा धागा फोनवर वाचणार आहेत.

पायथनची एक लहान स्क्रिप्ट आहे. ती यादीतून बाग, तोडणीची तारीख, पेटी चार डझनी की पाच डझनी, आणि जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) नोंदणी क्रमांक उचलते, लेबल तयार करते आणि यूएसबीच्या लेबल प्रिंटरला थेट पाठवते. प्रिंटरची फाइल /डेव्ह/यूएसबी/एलपी०. साध्या यूजरने त्यात लिहायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं, म्हणून पहिल्यापासून सुडो लावूनच, म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने, चालवत आलो.

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू १८.०४ होतं. यादी माझ्या होम फोल्डरमध्ये असायची, बारकोडची लायब्ररी पिपने माझ्या यूजरपुरती टाकली होती, आणि सगळं सुरळीत चालायचं. नव्या लॅपटॉपवर २२.०४ टाकलं. आता यादी काका आणि मी दोघंही भरतो, म्हणून ती वेगळ्या पार्टिशनवर ठेवली आणि तिचा पत्ता पेटी_डेटा या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमना वाचता येणारं नाव आणि त्याची किंमत) घातला. टर्मिनल उघडलं की बॅश (कमांड घेणारा शेल) जी फाइल वाचतो, त्या .बॅशआरसी मध्ये एक्सपोर्ट केलं आहे. लायब्ररी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या फोल्डरात आहे, फोल्डरचं नाव वेन्व्ह.

आता होतं असं. सुडोशिवाय चालवलं तर यादी सापडते, प्रिंटर नाही म्हणतो. सुडो लावून चालवलं तर लायब्ररीच सापडत नाही. स्क्रिप्टमधली लायब्ररी मागवणारी ओळ बाजूला ठेवून पाहिलं तर पुढे हे येतं:

की-एरर: 'पेटी_डेटा'

म्हणून तपासायला हे चालवलं:

सुडो इको $पेटी_डेटा

तर पत्ता बरोबर छापून येतो! म्हणजे सुडोच्या आत व्हेरिएबल आहे असं दिसतं, आणि स्क्रिप्ट म्हणते नाही. शिवाय माझी लँग (भाषा ठरवणारं व्हेरिएबल) मराठी आहे, आणि ‘सुडो डेट’ दिलं की वार आणि महिना मराठीतच येतो. मग एक व्हेरिएबल पार होतं आणि दुसरं अडतं, हे कसं?

सुडो -ई (ई कॅपिटल) सुद्धा करून पाहिलं. त्याने पेटी_डेटा पोचतं, पण लायब्ररी तरीही सापडत नाही, वेन्व्ह चालू असूनसुद्धा. नेटवर एका ठिकाणी सुडोअर्स फाइलमध्ये (सुडोचे नियम असतात ती) एन्व्ह_रीसेट, म्हणजे व्हेरिएबल्सची सफाई, बंद करा असा सल्ला दिसला. ते करायला मन धजत नाही. या लॅपटॉपवर काकांचे बँकेचे व्यवहारही होतात. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं तेव्हापासून लेबलावरच्या मजकुराला आमच्याकडे फार जपतात, त्यामुळे हातानं लिहून वेळ मारून न्यावी असंही वाटत नाही. कृपया सांगा.

प्रतिसाद, गुहागरहून:

दादा, एन्व्ह_रीसेट बंद करू नका. तुमचं मन बरोबर सांगतंय.

आधी इकोचं. त्या ओळीतलं $पेटी_डेटा सुडोपर्यंत पोचतच नाही. एंटर दाबल्याबरोबर तुमचा बॅश त्या जागी पत्ता भरतो आणि मग सुडोला हाक मारतो. सुडोला नुसता तयार मजकूर मिळतो. खरी तपासणी अशी:

सुडो प्रिंटएन्व्ह पेटी_डेटा

हे रिकामं येईल. शेलमधूनच बघायचं असेल तर सुडो एसएच -सी च्या पुढचा मजकूर एकेरी अवतरणात द्या. दुहेरीत दिलात तर पुन्हा तुमचाच बॅश तो भरून देईल.

लँग का पार होते, त्याचं उत्तर तुमच्याच मशीनवर आहे:

सुडो सुडो -व्ही (व्ही कॅपिटल)

रूट म्हणून हे चालवलं की तीन याद्या दिसतात: जपायची व्हेरिएबल्स, तपासून सोडायची आणि काढून टाकायची. लँग, एलसी_ ने सुरू होणारी सगळी, टर्म, टीझेड ही तपासून सोडण्याच्या यादीत आहेत. किंमतीत टक्क्याचं चिन्ह किंवा तिरकी रेघ नसेल तर लँगसारखं व्हेरिएबल पुढे जातं. तुमचं पेटी_डेटा कुठल्याच यादीत नाही, आणि एन्व्ह_रीसेट चालू असताना यादीबाहेरचं काहीही आत जात नाही. सुडो बिघडलेलं नाही, त्याचं कामच ते आहे.

ही सफाई का हवी, तेही सांगतो. पायथनने लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं पायथनपाथ नावाचं व्हेरिएबल घ्या. तुमच्या यूजरच्या हक्काने चालणाऱ्या एखाद्या वाईट प्रोग्रॅमने त्यात स्वतःचा फोल्डर घुसवला आणि सुडोने तो तसाच पुढे नेला, तर रूटच्या हक्काने चालणारी तुमची स्क्रिप्ट त्या फोल्डरमधला कोड उचलेल. २०१४ चा शेलशॉक आठवत असेल. तिथे बॅश व्हेरिएबलच्या किंमतीत लपवलेल्या कमांड चालवत होता. बँकेचं काम होतं त्या मशीनवर हे दार बंदच राहू दे.

प्रतिसाद, अलिबागहून:

वरच्यात भर. -ई ने लायब्ररी का सापडली नाही? सुडोअर्समध्ये सिक्युअर_पाथ नावाची ओळ असते. सुडोच्या आतला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तिथूनच येतो आणि -ई ने तो बदलत नाही. वेन्व्ह चालू केल्यावर तुमच्या पाथमध्ये त्याचा फोल्डर पुढे लागतो, पण सुडो त्याच्याकडे बघतच नाही आणि सिस्टिमचा पायथन उचलतो. म्हणून वेन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या, आणि व्हेरिएबल एकच न्या:

सुडो --प्रिझर्व्ह-एन्व्ह=पेटी_डेटा /होम/यूजर/वेन्व्ह/बिन/पायथन३ लेबल.पीवाय

नुसत्या -ई पेक्षा हे चांगलं, कारण नाव घेतलं तेवढंच आत जातं.

कायमचं हवं असेल तर /इटीसी/सुडोअर्स.डी मध्ये वेगळी फाइल करून एन्व्ह_कीप मध्ये (जपायच्या यादीत) पेटी_डेटा वाढवा. फाइल व्हीसुडो -एफ नेच उघडा. लिहिण्यात चूक असेल तर तो तिथेच अडवतो. साध्या एडिटरने बिघडवलीत तर सुडोच बंद पडू शकतं. फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो मुकाट्याने सोडून देतं, आणि माणूस डोकं धरून बसतो.

जुन्या लॅपटॉपचं कोडंही यातच सुटतं. उबुंटूत १९.१० च्या आधी सुडो तुमचंच होम कायम ठेवायचं. त्यामुळे तुमच्या यूजरपुरती टाकलेली लायब्ररी आणि होममधली यादी रूटलाही सापडायची. १९.१० पासून होम म्हणजे /रूट. हा बदल चांगलाच झाला. आधी तुमच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार होऊन बसायच्या.

प्रतिसाद, मालवणहून:

सगळं बरोबर आहे, पण मला मुळातच विचारायचंय: सुडो कशाला? एवढं करा:

एलएस -एल /डेव्ह/यूएसबी/एलपी०

मालक रूट आणि ग्रुप एलपी दिसेल. त्या ग्रुपला लिहायची परवानगी असते. स्वतःला ग्रुपमध्ये घ्या:

सुडो अ‍ॅडयूजर तुमचं-यूजरनेम एलपी

काही जण यूजरमॉड -जी (जी कॅपिटल) सांगतील. त्यात -ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडाल, सुडोच्या ग्रुपमधूनसुद्धा. म्हणून अ‍ॅडयूजरच वापरा. मग लॉगआउट करून परत आत या आणि ‘आयडी’ दिल्यावर एलपी दिसतं का बघा. नाहीच दिसलं तर मशीन रीस्टार्ट करा. काकांचं लॉगिन वेगळं असेल तर त्यांच्यासाठीही हेच.

लेबल छापायला रूट लागूच नये. प्रिंटर उघडायला एक ग्रुप पुरतो.

मूळ लेखक, देवगडहून:

मालवणकरांनी सांगितलं तसं केलं. रीस्टार्टनंतर आयडीमध्ये एलपी दिसलं आणि सुडोशिवाय पहिलं लेबल सरळ बाहेर आलं. आज तोडलेल्या पाच डझनी पेट्यांची लेबलं छापून चिकटवलीसुद्धा. गुहागरच्या दादांचं सुडो सुडो -व्ही वालं चालवून पाहिलं, तिन्ही याद्या दिसल्या. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक राहिलं. आमच्याकडे लाइट सारखी जाते. लॅपटॉप परत चालू झाला की स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हावी म्हणून सिस्टिमडीची (मशीन चालू होताना प्रोग्रॅम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस करायची आहे. तिला .बॅशआरसी मधलं पेटी_डेटा मिळेल का?

प्रतिसाद, मालवणहून:

नाही मिळणार, सिस्टिमडी .बॅशआरसी वाचत नाही. सर्व्हिसच्या फाइलमध्येच लिहा:

यूजर=तुमचं-यूजरनेम
एन्व्हायर्नमेंट=पेटी_डेटा=यादीचा-पूर्ण-पत्ता
एक्झेकस्टार्ट=वेन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता, पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता

यूजरची ओळ विसरू नका, नाहीतर सर्व्हिस रूट म्हणूनच चालेल. एलपी ग्रुप त्या यूजरबरोबर आपोआप येतो. यादीचं पार्टिशन एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना जोडायच्या पार्टिशनांची फाइल) आहे ना, तेही बघा. ते माउंट व्हायच्या (जोडलं जायच्या) आधी स्क्रिप्ट सुरू झाली तर यादी सापडणार नाही. सर्व्हिसमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ घालून पार्टिशनचा पत्ता दिलात की ती तेवढं थांबेल.