मांजराचे १०-१२ दिवसांचे पिल्लू, आईचा पत्ता नाही: दूध कोणते, किती आणि कसे?

ओसरी

कोकणात तालुक्याच्या गावी आहे, पाऊस धो-धो. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडांच्या थप्पीमागे मांजरीचे एकच पिल्लू सापडले. काल संध्याकाळपासून आई फिरकलेली नाही, बाकीची पिल्ले तिने हलवली असावीत. नाळ पडलेली, डोळ्यांच्या फटी नुकत्या उघडल्यात, कान अजून डोक्याला चिकटलेले. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन १८५ ग्रॅम.

गायीच्या दुधात पाणी घालून चालेल का? मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मागवली आहे, पण यायला २ दिवस लागतील. एका वेळी किती मिली आणि किती तासांनी? हाताशी सुई काढलेली ३ मिलीची सिरिंज आणि एक ड्रॉपर आहे. पिल्लू हाताला गार लागते आणि फारसे ओरडतही नाही.

रानजाई

तुमचे शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आहे. पिल्लू गार असेपर्यंत दूध एक थेंबही देऊ नका.

या वयात त्याला स्वतःचे अंग ऊबदार ठेवता येत नाही. अंग गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पोटात तसेच पडून नासते आणि पोट फुगते. गिळण्याचे त्राणही नसते, त्यामुळे तेच दूध श्वासनलिकेत जाते. अनाथ पिल्ले उपासमारीने जातात त्याहून जास्त या घाईने जातात, असे माझे मत आहे.

करंगळी तोंडात घालून बघा. तोंड आतून गार लागले तर नक्की गारठलेले आहे. मेडिकलमधला डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम टोक सरकवा. दुसऱ्या आठवड्यात ९७ ते १०० फॅरनहाइट अपेक्षित आहे. ९५ च्या खाली असेल तर दूध बंद. थर्मामीटरने आकड्याऐवजी नुसते 'एल' दाखवले तर पारा त्याच्या मोजपट्टीच्याही खाली आहे, मग ऊब देत देतच डॉक्टर गाठा.

ऊब हळूहळू द्यायची, तास-दोन तास लावून. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल, आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात गरम पाण्याची बाटली, तीही टॉवेलच्या दोन पदरांत गुंडाळून. अर्धा भाग मोकळा हवा, म्हणजे जास्त गरम झाले तर पिल्लू सरपटत बाजूला होईल. गरम पाण्यात बुडवणे, शेगडीजवळ ठेवणे, हेअर ड्रायर रोखणे हे काही करू नका. कातडी एकदम तापली की रक्त सगळे तिकडे धावते आणि रक्तदाब कोसळतो. बाटली दोन-अडीच तासांनी पुन्हा भरायला विसरू नका. गार झालेली बाटली उलट पिल्लाच्याच अंगातली ऊब ओढून घेते, आणि पहाटे नेमके हेच होते. खोक्यातली हवा या आठवड्यात २७ ते २९ सेल्सिअस राहिली पाहिजे.

ऊब देताना फारच मलूल वाटले तर चिमूटभर ग्लुकोज पावडर कोमट पाण्याच्या चार थेंबांत कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतायचे नाही.

आणखी एक. आई नाहीच असे इतक्यात धरू नका. पावसात मांजरी पिल्ले एकेक करून हलवतात आणि शेवटचे मागे राहू शकते. पिल्लाला ऊब आली की खोके (आत बाटलीसकट) शेडमध्ये त्याच जागी कोरड्यात ठेवा, भोवती थोडे पीठ भुरभुरा आणि लांब व्हा. दोन-तीन तासांत पीठावर पावले उमटली तर आई येते आहे. माणसाचा हात लागला म्हणून मांजरी पिल्लू टाकते, यात तथ्य नाही. तिचे दूध मिळत असेल तर बाकी सगळ्या धाग्याची गरजच नाही.

बोकोबा

रानजाईंना अनुमोदन. आता दुधाबद्दल.

मांजरीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात, स्निग्धांशही जास्त आणि दुग्धशर्करा कमी. गायीच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागतात, आणि १८५ ग्रॅमच्या जिवाला अंगातले पाणी कमी व्हायला एक दिवस पुरतो. त्यात पाणी घातले की साखर कमी होते खरी, पण आधीच अपुरी असलेली प्रथिने आणखी निम्मी होतात. पोट भरलेले दिसते, वजन मात्र हलत नाही. लहान बाळांची पावडरही नको, तिच्यात प्रथिने त्याहून कमी असतात.

पावडर येईपर्यंत चालवायचे असेल तर: बकरीचे उकळून कोमट केलेले दूध १२५ मिली, एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, अर्धा चमचा खाद्यतेल. नीट घोटून गाळून घ्या, नाहीतर बलकाची तार सिरिंजच्या तोंडात अडकते. बकरी मिळाली नाही तर गायीचे, पण सायीसकट. पांढरा बलक घालू नका, कच्च्या पांढऱ्यातले एक प्रथिन बायोटिन बांधून ठेवते. फ्रीजमध्ये ठेवायचे आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यायचे. हे दोन दिवसांपुरतेच, महिनाभर यावर काढता येत नाही.

पावडर आली की डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा, सोबतचा चमचा सपाट करून. काही कंपन्यांचे प्रमाण एक माप पावडरीला दोन मापे पाणी असे असते, काहींचे वेगळे. दाट केले तर बद्धकोष्ठ होते, पातळ केले तर उपासमार. पाणी उकळून कोमट केलेले घ्या. देताना दूध मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागले पाहिजे, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या आसपास. गरम करायला वाटी गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये दूध सारखे तापत नाही, काही भाग कढत राहतो. बदल एकदम नको: पहिल्या दिवशी अर्धे जुने, अर्धे नवे.

सातबारा

हिशेब असा. दिवसाला दर ३० ग्रॅम वजनामागे साधारण ८ मिली. १८५ ग्रॅमला सुमारे ४९ मिली. पोटात आरामात मावते ते १०० ग्रॅममागे ४ मिली, म्हणजे एका वेळी ७ मिली, दिवसातून ७ वेळा. साडेतीन तासांचे अंतर, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी एका वेळी ४-५ मिलीच द्या आणि अंतर दोन-अडीच तासांवर आणा. तिसऱ्या आठवड्यात ४ तासांवर, चौथ्यात ५-६ तासांवर जाता येईल. वजन वाढेल तसा हिशेब रोज नव्याने करायचा.

पोटाकडे बघून अंदाज घेऊ नका, काट्याकडे बघा. रोज ठराविक वेळी, दूध पाजण्याआधी आणि शी-शू झाल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढले पाहिजे. एक दिवस जागीच राहिले तर दूध, ऊब आणि शी तपासा. सलग दुसऱ्या दिवशीही वाढले नाही किंवा घटले, तर डॉक्टर. मलूल दिसायच्या आधी काटा सांगतो.

पाजण्याची पद्धत: टॉवेलवर पालथे, पोट टेकलेले, मान सरळ आणि तोंड किंचित वर. आईला पिताना पिल्लू असेच असते. बाळासारखे उताणे कधीच धरू नका, दूध सरळ श्वासनलिकेत जाते. सिरिंजचे तोंड ओठांच्या कोपऱ्यातून आत, एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंब गिळल्यावरच पुढचा. ७ मिलीला दहा-पंधरा मिनिटे लागली तर बरोबर चालले आहे.

सिरिंजबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. उकळत्या पाण्यात दोन-चार वेळा धुतली की आतल्या काळ्या रबराचा गुळगुळीतपणा जातो. दट्ट्या अडतो, आपण जोर लावतो आणि अर्धा मिली एकदम घशात जातो. दट्ट्या अडखळायला लागला की सिरिंज फेकून द्या, पाच-सहा आणूनच ठेवा. ड्रॉपर नको, त्यात हवा येते आणि मापही कळत नाही. बाटली घेतलीत तर बऱ्याच निपलांना भोकच नसते, तापवलेल्या सुईने पाडावे लागते. बाटली उलटी धरल्यावर थेंब हळूहळू पडायला हवा. धार लागली तर ते निपल बाद.

नाकातून दूध आले तर लगेच थांबा, तोंड खाली करून नाक पुसा आणि पुढची पाळी कमी मापाने द्या. नंतरच्या दोन दिवसांत श्वास भरभर चालला, घरघर ऐकू आली, तोंड उघडे ठेवून श्वास घेतला किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर वाट न बघता डॉक्टर गाठा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक गुरेच येतात, तेव्हा वजन ग्रॅममध्ये लिहून न्या. डोस त्यावरच ठरतो.

ओसरी

सगळ्यांचे आभार. पीठावर पावले उमटली नाहीत, त्यामुळे घरात आणले. आता अंग ऊबदार आहे, ५ मिली व्यवस्थित प्यायले. पण सकाळपासून शू नाही, शी नाही. मानेवर आणि शेपटीपाशी पिसवा दिसतात. घरात पिसवांचा स्प्रे आहे, थोडा मारू का?

रानजाई

स्प्रे अजिबात नको. कुत्र्यांच्या आणि घरातल्या पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन असू शकते, ते मांजरांना विषारी. कडुनिंबाचे तेल, करंज तेल, कापूर, फिनेल हे घरगुती उपायही नकोत, मांजर ते चाटते आणि तिच्या यकृताला ते पचत नाही. पण पिसवा सोडूनही चालणार नाही. एवढ्याशा पिल्लाचे रक्त पिऊन त्या त्याला पांढरेफटक करतात, हिरड्या गुलाबी आहेत ना बघा. उवांची बारीक दातांची फणी घ्या, मानेपासून सुरू करा आणि निघालेली पिसू भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवा. फारच असतील तर मानेखालचे अंग कोमट पाण्यात त्याच साबणाच्या एका थेंबाने दोन मिनिटांत धुवा, लगेच कोरडे करा आणि ऊबेत ठेवा. टॉवेल रोज बदला, पिसवांची अंडी त्यातच गळतात.

शू-शी त्याला आपोआप होत नाही. आई चाटून करवते. प्रत्येक वेळी दूध पाजण्याआधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलकेच, आईच्या जिभेच्या लयीत फिरवा. घासायचे नाही, कातडी सोलवटते. शू मिनिटभरात सुरू होते, थांबेपर्यंत फिरवत राहा. रंग फिका हवा, गडद पिवळी म्हणजे दूध कमी पडते आहे. शी दिवसातून एकदा तरी, मोहरीच्या पिवळसर रंगाची, टूथपेस्टइतकी दाट. दूध नुकतेच बदलले असेल तर पहिला दिवस कोरडा जाऊ शकतो. दोन दिवस गेले आणि पोट टणक लागले तर डॉक्टरांकडे. एरंडेल देऊ नका. शी पातळ, हिरवट-करडी असेल तर बहुतेक वेळा दूध जास्त होते आहे, आधी माप तपासा. साडेतीन-चार आठवड्यांपर्यंत हे काम करावे लागेल.

अवांतर, पण पावसाळ्यात महत्त्वाचे: मुंग्या. हनुवटीवर दूध सुकले की रात्रीत खोक्यात ओळ लागते आणि पिल्लाला पळता येत नाही. दूध पाजून झाले की ओल्या फडक्याने तोंड-मान पुसा, आणि खोके स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. लक्ष्मणरेषा जवळपासही नको.

घडवंची

एवढे सगळे करावे लागते का? गावाकडे मांजरे दूध-पोळीवरच वाढतात की.

बोकोबा

दोन महिने आईचे दूध पिऊन मग पोळीपाशी येतात, आणि उंदीर-पाली खाऊन कमी भरून काढतात. पोळीवर एकटे वाढलेले मांजर बघा, केस राठ आणि पोट मोठे. मांजराला टॉरिन नावाचे पोषकद्रव्य लागते, ते मांसातच मिळते. हे पिल्लू तर अजून आईच्या दुधाच्या वयात आहे.

ओसरी

पावडर आली. आज वजन २०२. दात कधी येतात आणि खाणे कधी सुरू करायचे? जंताचे औषध, लस?

सातबारा

२०२ म्हणजे ५४ मिली, आता एका वेळी ८.

पुढचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. निपल चावायला लागले की पिल्लांचे ओले खाद्य त्याच दुधात पातळ कालवून उथळ बशीत ठेवा, बोटाने ओठाला लावून दाखवा. नाक बशीत दाबू नका. पहिले काही दिवस निम्मे अंगावर सांडते, म्हणून दूध एकदम बंद करायचे नाही. सात-आठ आठवड्यांपर्यंत पूर्ण खाण्यावर येते. घरी उकडलेले चिकन वरचेवर ठीक, फक्त त्यावर ठेवलेत तर कॅल्शियम कमी पडून हाडे ठिसूळ होतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा, अळणी केला तरी, नको.

जंताचे पायरँटेल दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, वजनावर. तिहेरी लस (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची) ६-८ आठवड्यांना, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची १२ आठवड्यांना. घरात दुसरे मांजर असेल तर दोघांची खोली आणि भांडी वेगळी, साधारण दोन आठवडे तरी. पॅरासिटामॉल कधीच नाही, ताप असला तरी.

चौथ्या आठवड्यात उथळ ट्रेमध्ये चाळलेली कोरडी रेती किंवा कागदाच्या पट्ट्या ठेवा. ओली झाली की गोळा होणारी विकतची रेती आत्ता नको, या वयात पिल्लू ती चाखून बघते आणि ती आतड्यात घट्ट होते. शी केलेला कापूस त्या ट्रेत ठेवलात की वासावरून जागा कळते.